प्रपोजल पाठवताय? फॉलोअपची तयारी आधी करा

पहिलं काम सेंड दाबायच्या आधीचं. समोरच्याला तेव्हाच विचारून ठेवा, बघायला किती दिवस लागतील, गुरुवारी फोन केला तर चालेल का, आणि तो हो म्हणाला की लगेच कॅलेंडरला रिमाइंडर टाका, म्हणजे नंतर फोन करताना उगाच मागे लागल्यासारखं वाटत नाही, ठरल्याप्रमाणेच केलेला असतो. कोटेशनवर रेट कधीपर्यंत लागू ते लिहिलंय ना बघा. फाईल किती मोठी आहे तेही, जीमेलमध्ये २५ एमबीच्या वर गेली की अटॅचमेंटऐवजी ड्राइव्हची लिंक जाते आणि परमिशन दिली नसेल तर ती तिकडे उघडतच नाही, आपण मात्र इकडे रिप्लायची वाट बघत बसतो.

मग सगळ्यात महत्त्वाचं, शेवटचा होकार कोण देणार हे माहिती करून घ्या. आपण ज्याच्याशी बोलतो त्याला बरेचदा वर कोणाला तरी दाखवायचं असतं, त्यामुळे "साहेबांशी बोलून सांगतो" आलं की नुसतं बरं म्हणून फोन ठेवू नका, साहेब नेमकं काय विचारतील ते विचारा आणि त्याला साहेबांकडे पुढे पाठवता येईल असं एक पानी उत्तर बनवून द्या, खर्च, वेळ, काय मिळणार, बस.

फोनच्या आधी दोन गोष्टी कागदावर हव्यात. एक, महाग आहे म्हणाले तर काय बोलायचं (माझं मत, रेट पाडण्याआधी काम कमी करून दाखवा, नाहीतर पहिला आकडा फुगवलेला होता असंच वाटतं). दुसरं, या वेळी नवीन काय सांगणार, कारण "मेल बघितला का" एवढंच विचारायला दर आठवड्याला फोन आला तर कोणीही कंटाळेल. मेल जुन्याच थ्रेडवर रिप्लाय करून टाका, शोधायला लागायला नको. आणि व्हॉट्सॲपच्या ब्लू टिकवरून काही ठरवू नका हो, लोक ती बंद करून ठेवतात, आणि दिसली तरी वाचलं म्हणजे विचार केला असं थोडीच आहे!

प्रत्येक कॉलनंतर शीटमध्ये तारीख, कोण काय बोललं, पुढचा फोन कधी, एवढं लिहायचंच. तीन-चारदा काहीच उत्तर नाही आलं तर एक साधा मेल, "सध्या हे थांबवतोय, गरज पडली तर नक्की सांगा", त्यात टोमणा नको, आणि दोन-तीन महिन्यांनंतरचा रिमाइंडर लावून पुढच्या नावाकडे वळायचं.