"हो, झालं" म्हणाला आणि झालं नव्हतं: अशा वेळी या चुका टाळा

आमचं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस. 20 तारखेला एका ग्राहकाचं जीएसटीआर-3बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचं होतं. तीन महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या मुलाला दुपारी विचारलं, "भरलंस का?" म्हणाला, "हो, झालं." 22 ला पोर्टल उघडलं तर रिटर्न तसंच. दिवसाला 50 रुपये लेट फी, वर ग्राहकाच्या थकलेल्या करावर वार्षिक 18 टक्के व्याज. पण डोकं फिरलं ते त्या "झालं"मुळे.

तिथल्या तिथे मी ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं. हे करू नका. चारचौघांत पाणउतारा झाला की माणूस काय झालं ते सांगत नाही, पळवाट शोधतो. त्यानेही "सर्व्हर डाऊन होता" असं ठोकून दिलं.

दुसरी चूक: राग कुठला आहे ते न बघणं. त्या दिवशी सकाळी माझं बँकेत वाजलं होतं. डन आणि श्वाइट्झर या संशोधकांच्या 2005 च्या प्रयोगांत हेच दिसलं: भलत्याच कारणाचा रागही समोरच्यावरचा विश्वास कमी करतो. राग कुठून आला हे माणसाला उमगलं की तो परिणाम उरत नाही. चांगल्या ओळखीच्या माणसाबाबतही तो दिसला नाही. नवा मुलगा मात्र आयता सापडतो.

सगळ्यात महाग पडते ती तिसरी. काम राहणं आणि खोटं बोलणं हे आपण एकाच खात्यात टाकतो. पहिल्यात प्रश्न कुवतीचा, दुसऱ्यात सचोटीचा. किम आणि सहकाऱ्यांच्या 2004 च्या अभ्यासात कुवतीच्या चुकीवर माफीने विश्वास बराच सावरला. सचोटीच्या बाबतीत तीच माफी गुन्ह्याची कबुली ठरली. म्हणून नुसतं "सॉरी म्हण" यावर अडून बसू नका. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचारा.

मी विचारल्या, चौथ्या दिवशी. मधले दिवस अबोला, तीही चूकच. कळलं ते असं: ओटीपी ग्राहकाच्या मोबाइलवर जायचा, ग्राहक फोन उचलत नव्हता, संध्याकाळी भरू असं त्याने धरलं आणि विसरला. मग "झालं" का म्हणालास? "गेल्या महिन्यात तुम्ही ओरडला होतात, सर."

यावर काय बोलणार!

त्याच्या प्रत्येक फाइलवर पहारा ठेवण्याचा मोह झाला, आवरला. आता आमच्याकडे "झालं का?" असं कुणी विचारत नाही. रिटर्न भरलं की एआरएन, म्हणजे पोर्टलवर मिळणारा पोचक्रमांक, ग्रुपवर टाकायचा, माझ्यासकट सगळ्यांनी. गेल्या महिन्यात माझाच राहिला होता. त्यानेच आठवण केली.