स्पॅनिश कंपन्यांची ओळख कशी करून घ्यावी: मुंबईकर अभ्यासकांसाठी

वाणिज्य शाखेचे विद्यार्थी, आयात-निर्यातीच्या व्यवसायात नव्याने उतरलेले तरुण आणि शेअर बाजाराचा हौसेने अभ्यास करणारे वाचक यांच्यापर्यंत परदेशी कंपन्यांची माहिती बहुधा यादीच्या रूपाने पोहोचते: झारा म्हणजे कपडे, सँटँडर म्हणजे बँक, रेप्सोल म्हणजे तेल. अशी यादी पाठ होते आणि परीक्षा संपताच विसरली जाते. त्याऐवजी प्रत्येक नावाला तीन प्रश्न विचारावेत. कंपनी स्पेनच्या कोणत्या भागातली आहे, तिची कमाई नेमकी कशातून होते आणि आज तिची मालकी कोणाकडे आहे? यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत फसवा असल्याने त्याला या लेखात अधिक जागा दिली आहे.

अभ्यासाची सुरुवात घरातल्या आणि बाजारातल्या वस्तूंपासून करावी. बाळाच्या मालिशसाठी गिरगावात किंवा दादरला औषधाच्या दुकानातून आणला जाणारा फिगारो ऑलिव्ह तेलाचा डबा हातात घ्या. नाव इटालियन वाटते, परंतु हा ब्रँड दिओलेओ या स्पॅनिश कंपनीचा आहे, आणि इटालियन म्हणून जगभर विकली जाणारी बेर्तोली व कारापेली ही तेलेही याच कंपनीची आहेत. स्पेन हा ऑलिव्ह तेलाचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक देश असल्याने यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. आयात केलेल्या बंद वेष्टनातील मालावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि मूळ देश छापणे आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून पुढची ठळक अक्षरे सोडून डब्याच्या मागची बारीक अक्षरे आधी वाचावीत.

तयार कपड्यांच्या बाबतीत मात्र हीच बारीक अक्षरे दिशाभूल करतात. लोअर परळच्या मॉलमध्ये झाराच्या शर्टाची आतली पट्टी उलटून पाहिली, तर तिच्यावर पोर्तुगाल, मोरोक्को, तुर्कस्तान, बांगलादेश किंवा भारत यांपैकी कोणतेही नाव आढळू शकते. ते शिलाई झालेल्या देशाचे नाव असते, कंपनीच्या देशाचे नव्हे. झाराची मूळ कंपनी इंडिटेक्स. अमान्सिओ ओर्तेगा यांनी १९७५ मध्ये गॅलिसिया प्रांतातील आ कोरुन्या या बंदराच्या शहरात पहिले दुकान उघडले, आणि आजही कारभार त्याच शहरालगतच्या आर्तेइशो गावातून चालतो. झटपट बदलणाऱ्या फॅशनचा मोठा हिस्सा स्पेनजवळच्या देशांत शिवून घ्यायचा आणि दुकानांत आठवड्यातून दोनदा नवा माल पाठवायचा, ही तिची कामाची रीत आहे. कमाईचे मर्म कपड्याइतकेच या वेगात आहे. भारतात झाराची दुकाने टाटा समूहातील ट्रेंट या कंपनीसोबतच्या भागीदारीत २०१० पासून सुरू झाली, त्यामुळे ट्रेंटच्या वार्षिक अहवालात या व्यवसायाचेही आकडे सापडतात.

यानंतर नकाशा उघडावा, कारण स्पेनमध्ये प्रदेश समजला की उद्योगाचा अंदाज बांधता येतो. उत्तरेकडील बास्क प्रदेशात बिल्बाओच्या परिसरात लोहखनिज होते, त्यातून पोलाद आले आणि पोलादातून यंत्रे. रेल्वेचे डबे बनवणारी काफ, वाहनांचे सुटे भाग बनवणारी सीआयई ऑटोमोटिव्ह, वीजनिर्मितीतील इबेरद्रोला आणि बीबीव्हीए ही बँक या साऱ्यांची मुळे तिथली. बार्सिलोनाच्या कातालोनियात रक्तातील प्लाझ्मापासून औषधे बनवणारी ग्रिफोल्स, अत्तरे व सौंदर्यप्रसाधने विकणारी पुइग आणि कपड्यांची मँगो या कंपन्या वाढल्या. व्हॅलेन्सियाकडे चिनी मातीचे काम आहे: कास्तेयोनच्या फरशा जगभर गुजरातमधील मोरबीच्या फरशांशी स्पर्धा करतात आणि यादरो कंपनीच्या नाजूक पोर्सेलीन मूर्तींत गणपतीही असतो. दूरसंचारातील तेलेफोनिका, तेलशुद्धीकरणातील रेप्सोल आणि बांधकामातील एसीएस या मोठ्या कंपन्या माद्रिदच्या.

बास्क प्रदेशातील मोंद्रागोन समूहाकडे महाराष्ट्रातील वाचकाने अधिक लक्ष द्यावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. होसे मारिया आरिस्मेंदिआरिएता या धर्मगुरूंच्या विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये सुरू केलेल्या एका छोट्या कारखान्यातून हा सहकारी समूह उभा राहिला, आणि आज त्यात यंत्रनिर्मितीपासून बँक व किराणा भांडारांपर्यंत अनेक संस्था असून सुमारे ७० हजार माणसे काम करतात. आपल्याकडे प्रवरानगरपासून रुजलेल्या साखर कारखान्यांत सभासद हा ऊस पिकवणारा शेतकरी असतो आणि कामगार पगारी. मोंद्रागोनमध्ये कामगार स्वतःच सभासद असतो आणि त्याला एक मत असते. तिथेही सारे सुरळीत चालले असे नाही. घरगुती उपकरणे बनवणारी समूहातील फागोर ही नामांकित संस्था २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली.

आता मालकीकडे वळू. चुपा चुप्स या लॉलीपॉपचा जन्म १९५८ मध्ये स्पेनमध्ये झाला आणि तिचे बोधचिन्ह चित्रकार साल्वादोर दाली यांनी काढले, पण २००६ पासून ती पेरफेत्ती व्हान मेल्ले या इटालियन-डच समूहाकडे आहे. सेआट मोटारी फोक्सवॅगनच्या, एन्देसा ही वीज कंपनी इटलीच्या एनेलच्या नियंत्रणाखाली, तर पवनचक्क्यांची गामेसा आता सीमेन्स एनर्जीच्या ताब्यात. फेरोवियाल या बांधकाम कंपनीने २०२३ मध्ये आपले कायदेशीर मुख्यालय नेदरलँड्समध्ये हलवले आणि त्यावरून स्पेनमध्ये मोठा वादही झाला. उलट दिशेची उदाहरणे आपल्या अधिक जवळची आहेत: असंख्य मुंबईकरांच्या न्हाणीघरात दिसणारे पॅरीवेअर हे नाव कातालोनियातील रोका कंपनीच्या मालकीचे आहे, आणि कामा आयुर्वेद या भारतीय ब्रँडमध्ये पुइगने २०२२ मध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला.

मालकी तपासण्याचा सोपा मार्ग मुंबईतच आहे. सीआयई ऑटोमोटिव्ह इंडिया ही कंपनी, जी पूर्वी महिंद्रा सीआयई या नावाने ओळखली जाई, आपल्या शेअर बाजारात नोंदलेली आहे. बीएसईच्या संकेतस्थळावर तिचे पान उघडून दर तिमाहीचा भागधारणेचा तक्ता पाहिला की प्रवर्तकांच्या रकान्यात स्पॅनिश मूळ कंपनीचा हिस्सा टक्क्यांत दिसतो. स्पेनमधील नोंदणीकृत कंपन्यांसाठी आपल्या सेन्सेक्सच्या धर्तीवर इबेक्स ३५ हा निर्देशांक १९९२ पासून आहे आणि सेबीचे काम तिथे सीएनएमव्ही हा आयोग करतो. मात्र एवढ्यावर थांबू नये, कारण मँगो, रोका, मेर्कादोना ही किराणा साखळी आणि मोंद्रागोन यांपैकी कोणीही या निर्देशांकात नाही. युद्धनौका बांधणारी नावांतिया तर सरकारी मालकीची आहे. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्या ज्या स्कॉर्पीन रचनेच्या आहेत, ती मुळात फ्रेंच आणि स्पॅनिश जहाजबांधणी कंपन्यांनी मिळून विकसित केली होती.

कंपनीची कमाई कुठून होते, हे पाहताना देशवार तक्ता शोधावा. बीबीव्हीएचे मुख्यालय स्पेनमध्ये असले तरी तिचा सर्वाधिक नफा मेक्सिकोतून येतो आणि तेलेफोनिकाचा ब्राझीलमधील विवो हा व्यवसाय तिच्या महत्त्वाच्या आधारांपैकी आहे. बातम्यांतला गाजावाजा मात्र कमाईत धरू नये: टाल्गो या रेल्वेगाड्या बनवणाऱ्या स्पॅनिश कंपनीची गाडी सप्टेंबर २०१६ मध्ये चाचणीसाठी दिल्लीहून बारा तासांच्या आत मुंबई सेंट्रलला पोहोचली, कौतुकही भरपूर झाले, पण त्या चाचण्यांतून रेल्वेने गाड्या खरेदी केल्या नाहीत.

शेवटी आकडे वाचताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. स्पॅनिश अहवालांत हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, म्हणून इंडिटेक्सच्या २०२४ च्या विक्रीपुढे ३८.६३२ दशलक्ष युरो असे दिसले, तर ते अडतीस हजार सहाशे बत्तीस दशलक्ष, म्हणजे सुमारे ३८.६ अब्ज युरो होत. शिवाय बहुतेक स्पॅनिश कंपन्यांचे वर्ष डिसेंबरअखेर संपते, इंडिटेक्सचे ३१ जानेवारीला आणि आपले ३१ मार्चला; त्यामुळे ट्रेंट आणि इंडिटेक्स यांचे आकडे शेजारी मांडण्याआधी कोणते महिने कोणत्या वर्षात मोजले आहेत, ते वहीत रकान्याच्या डोक्यावरच लिहून ठेवावे.