नमुना घेतानाच रिपोर्ट बिघडतो : पाणी, रक्त, माती तपासायला देताना या चुका टाळा

मे महिना, दुपारचे तीन. अमळनेरकडचे एक आबा मोटरसायकलच्या डिकीतून कोल्ड्रिंकची बाटली काढतात आणि माझ्या टेबलावर ठेवतात. बाटलीचा हाताला चटका बसतो. आत बोअरचं पाणी. परवा भरलं होतं, मधे एक लग्न आलं, म्हणून आज आणलं. नायट्रेट (खतातून पाण्यात उतरणारा नत्राचा क्षार) बघून द्या म्हणाले. बघितलं, तर लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या बरंच खाली. शेजारच्या शेतातल्या बोअरचा आकडा मला माहीत होता, म्हणून पटेना. स्वच्छ बाटलीत, बर्फात, त्याच दिवशी आणा म्हणून सांगितलं. दुसऱ्या खेपेला आकडा ४५ च्या बराच वर. आबा वैतागले, "तुमनं मशीन बिघडेल शे का भाऊ?"

मशीन धड होतं. बिघडलं होतं ते डिकीत. बाटलीच्या तळाला कोल्ड्रिंकची साखर राहिलेली, वर झाकण घट्ट, बाहेर पारा चव्वेचाळीसच्या घरात. पाण्यातल्या जिवाणूंना आणखी काय हवं? साखर खाता खाता त्यांनी आतला ऑक्सिजन संपवला आणि मग श्वासासाठी नायट्रेट वापरायला घेतलं. नायट्रेटचा बराचसा भाग नायट्रोजन वायू होऊन गेला. आम्ही मोजलं ते उरलेलं.

मी जळगावात पाणी-माती तपासणीचं काम करतो. त्याआधी काही वर्षं रक्त तपासणीच्या लॅबमध्ये होतो. दोन्हीकडे भांडण मशीनवरून होतं आणि चूक बहुतेक वेळा नमुना दारात येण्याआधीच होऊन गेलेली असते.

दोन बाटल्या, दोन उलटे नियम

पाण्याच्या रासायनिक तपासणीची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून घ्यायची. जिवाणू तपासणीसाठी लॅबने दिलेली निर्जंतुक बाटली मात्र अजिबात विसळायची नाही. लोक नेमकं उलट करतात, आणि त्यांचा दोषही नाही, कारण बाटली देताना आम्हीच कधी कधी तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. त्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट टाकलेलं असतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन ते तिथल्या तिथे मारतं. बाटली विसळली की ते वाहून गेलं. मग क्लोरीन लॅबपर्यंतच्या वाटेत जिवाणू मारत राहतं आणि नळावर खराब असलेलं पाणी टेबलावर पास होतं.

आणखी एक गोष्ट खास आपल्याकडची. गावात नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं असतं, गाळ येऊ नये म्हणून. तसंच ठेवून नमुना घेतला तर तपासणी पाण्याची होत नाही, फडक्याची होते. फडकं सोडा, जाळी असेल तर काढा, नळाचं तोंड पुसून ज्योतीने शेकून घ्या (प्लॅस्टिकचा नळ असेल तर स्पिरिटने पुसा), दोन-तीन मिनिटं पाणी सोडून द्या, मग बाटली धरा. वर बोटभर जागा मोकळी ठेवा. बोअर असेल तर मोटर पाच-दहा मिनिटं चालू द्यायची; पाइपात रात्रभर थांबलेलं पाणी बोअरचं म्हणता येत नाही. बाटली बर्फाच्या डब्यात, पण पाणी गोठवायचं नाही. जिवाणूंसाठी सहा तासांच्या आत लॅबला पोचलेलं बरं, चोवीस तासांच्या पुढे तर घेऊच नये. नायट्रेटला थंडीत ४८ तास मिळतात. फ्लोराइडसाठी काचेची बाटली नको, प्लॅस्टिकची हवी. शिसं, आर्सेनिक अशा धातूंसाठी बाटलीत नायट्रिक आम्ल घालावं लागतं, नाहीतर धातूचा काही भाग बाटलीच्या भिंतीला चिकटून राहतो. ते काम लॅबवाल्याकडेच द्या, घरी आम्ल हाताळू नका.

ग्रामपंचायतीत काळी होणारी छोटी बाटली असते, एचटूएस व्हायल. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये ही साधी चाचणी मांडली आणि खेड्यापाड्यांत ती अजून कामाला येते. पाणी भरून ठेवा, काळं झालं तर विष्ठेतल्या जिवाणूंचा संशय. पण तिला ऊब लागते, साधारण ३० ते ३७ अंश. मे महिन्यात आपल्याकडे तो प्रश्नच नाही. डिसेंबरात, रात्री पारा दहाच्या आसपास असताना ती खिडकीत ठेवली आणि सकाळी पांढरी दिसली म्हणून "पाणी चांगलं" असा शेरा मारलेला मी वहीत पाहिलाय. दोन दिवस उबेत ठेवा, मग शेरा मारा.

टीडीएस कमी म्हणजे पाणी चांगलं, हा गैरसमज

टीडीएसचं पेन पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतं. ते क्षार मिठाचे की नायट्रेटचे, हे त्याला कळत नाही. आयएस १०५०० या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही. टीडीएस मात्र ५०० पर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. ९०० टीडीएसच्या पाण्यात नायट्रेट चाळीस आहे की सत्तर, पेनावर काय दिसणार? जिवाणू तर त्याला दिसतच नाहीत. आणि नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं, नायट्रेट मागे राहतं, म्हणजे उकळल्यावर प्रमाण थोडं वाढतंच. बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळासाठी हे फार महत्त्वाचं, कारण जास्त नायट्रेटने त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घटते.

याच पेनासोबत फिल्टर विकणारा एक खेळ करतो. दोन ग्लास, एकात तुमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या आरओचं. दोन्हीत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतो. तुमचं पाणी तपकिरी, गढूळ, वर फेस. त्याचं जसंच्या तसं. वहिनी घाबरतात, चेक फाटतो. ती घाण पाण्यातली नसते हो. कांडी लोखंडाची असते आणि तेच लोखंड विरघळून खाली बसतं. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी असल्याने वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून कांडी विरघळत नाही. पुढच्या वेळी त्याला त्याच्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकून दाखवायला सांगा. चेहरा बघण्यासारखा होतो.

रक्त : शिबिरातली शुगर आणि अर्धवट वाचलेला सिकल

रक्त काढलं तरी त्यातल्या पेशी जिवंतच असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के घटते, उन्हात त्याहून वेगाने. सकाळी शिबिर, दुपारी जेवण, चारला गाडी निघाली, सहाला लॅबमध्ये. म्हणजे मधुमेह असलेला माणूस कागदावर ठणठणीत. राखाडी झाकणाच्या नळीत फ्लोराइड असतं, शुगरसाठी तीच मागा. तीही पहिले एक-दोन तास पूर्ण आवर घालत नाही, तेव्हा शक्य तितकं लवकर पाठवा.

जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त लाल झाकणाच्या नळीत ओतणं, "कमी पडलं होतं म्हणून", ही नव्या मुलांची लाडकी चूक. जांभळीत ईडीटीएचा (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाचा) पोटॅशियम क्षार असतो. पोटॅशियम एकदम वर, कॅल्शियम एकदम खाली, आणि घरच्यांना आयसीयूची धास्ती. असा विचित्र जोडआकडा दिसला तर आधी पुन्हा रक्त काढा.

नंदुरबारकडे, अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांत, सिकलची, म्हणजे आई-बाबांकडून येणाऱ्या रक्तदोषाची, तपासणी घरोघरी माहीत आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट तेव्हा ठेवलं. पहिली चाचणी सोपी : नळीतलं द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पण ती फक्त सिकलचं हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. आई किंवा बाबा एकाकडूनच आलंय, म्हणजे वाहक, की दोघांकडून आलंय, म्हणजे आजार, हे तिला कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही नळीची चाचणी लावू नका. त्याच्यात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, उत्तर खोटं निगेटिव्ह येतं. अंगात रक्त फारच कमी असेल किंवा गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तरीही फसगत होते. हे विचारलं जात नाही, म्हणून आपण होऊन सांगा.

एकदा एक तरुण वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आला होता, जीन बदलून सिकल बरा होतो म्हणून. बातमी खरी होती : अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये अशा उपचाराला मान्यता मिळाली, आणि तपासता आलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना वर्षभर तीव्र वेदनेचा झटका आला नाही. पण त्यासाठी आधी जोरदार केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. आणि हा तरुण नुसता वाहक होता. दोन वर्षं तो स्वतःला रोगी समजत होता, कारण त्याच्या कागदावर कोणीतरी फक्त "सिकल पॉझिटिव्ह" लिहून सोडून दिलं होतं.

मातीचं थोडक्यात

माती युरियाच्या रिकाम्या गोणीवर वाळवू नका. नत्र आभाळाला भिडतं. खत टाकल्यावर लगेच, बांधालगत, शेणखताच्या ढिगाजवळ नमुना नको. जस्त बघायचं असेल तर पत्र्याची बादली नको, तिच्यावर जस्ताचाच मुलामा असतो.

मायक्रोप्लॅस्टिकचा प्रकल्प करणाऱ्या मुलांसाठी

हल्ली एमएस्सीच्या प्रकल्पात तापीचं पाणी आणि मायक्रोप्लॅस्टिक (प्लॅस्टिकचे बारीक कण) हा विषय हमखास असतो. एका मुलीने गाळणकागद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, नारिंगी धागेच धागे. मी तिच्या ओढणीकडे बघितलं. तिनेही बघितलं. पुढचे दोन आठवडे ती सुती ॲप्रन घालून पुन्हा पहिल्यापासून.

मोठ्या लॅबही यातून सुटलेल्या नाहीत. हातमोज्यांवरच्या साबणासारख्या स्टिअरेट क्षारांचा अवरक्त वर्णपट (पदार्थ ओळखायची किरणांची खूण) पॉलिथिनसारखा दिसतो आणि आकडा फुगतो, हे २०२० मध्ये छापून आलं. मार्च २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधल्या इटलीच्या अभ्यासात मानेच्या रक्तवाहिनीतल्या चरबीच्या थरांत प्लॅस्टिक सापडलं; २५७ पैकी १५० रुग्णांत पॉलिथिन होतं, आणि ते असलेल्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका सुमारे साडेचार पट निघाला. लेखकांनी स्वतःच म्हटलंय की यावरून कारण सिद्ध होत नाही. मेंदूतल्या प्लॅस्टिकच्या २०२५ मधल्या आकड्यांवरही आक्षेप हाच आला की मोजण्यासाठी नमुना तापवल्यावर चरबीतूनही पॉलिथिनसारखेच तुकडे निघतात. म्हणून प्रत्येक खेपेला एक कोरा नमुना ठेवा : शुद्ध पाणी, तीच बाटली, तोच गाळणकागद, तेच हात. त्यात जेवढं सापडेल तेवढं आपल्याकडूनच गेलेलं. कोरा नमुना नसलेला प्रकल्प मी तरी वाचत नाही.

आणि नाव

सगळं नीट करून एक जण परवा आला. थर्मासचा डबा, बर्फ, वेळेत. बर्फ वितळला होता, कागदी चिठ्ठ्या सुटून पाण्यावर तरंगत होत्या आणि शाई पसरली होती. तीन बाटल्या, तीन घरच्या. एका चिठ्ठीवर एवढंच वाचता येत होतं : "पाटील, बोअर". "कोणत्या पाटलांची?" मी विचारलं. तो बाटल्यांकडे बघत राहिला, मग म्हणाला, "भाऊ, तिन्ही पाटीलच आहेत."

बाटलीवरच, झाकणावर नव्हे, न पुसणाऱ्या मार्करने लिहा : नाव, गट नंबर, तारीख, वेळ. त्याला तिन्ही बाटल्या परत भरून आणाव्या लागल्या.