गडद भिंतींचे जेवणघर : सोलापुरातील घरासाठी

मे महिन्यातल्या दुपारी बाहेरून घरात पाऊल टाकले की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मग आतला मंद उजेड हळूहळू डोळ्यांना निववू लागतो, हा सोलापूरकरांच्या नित्याच्या अनुभवातला भाग आहे. जुन्या वाड्यांच्या माजघरांत हा मंद उजेड आपोआप मिळत असे. जाड भिंती, लहान खिडक्या, वर तुळयांवर पेललेले माळवद आणि खाली शहाबादी फरशी यांमुळे ती खोली सावळी आणि शांत असे. सिमेंटच्या घरात तसे जेवणघर हवे असेल, तर ते रंग, भिंतीचे काम आणि दिवे यांच्या साहाय्याने जाणीवपूर्वक घडवावे लागते. माझ्या अनुभवाने गडद खोली रंगामुळे क्वचितच बिघडते. सपाट, पोत नसलेली भिंत आणि छताच्या मधोमध लावलेला पांढरा दिवा, ही तिच्या बिघाडाची खरी कारणे असतात.

पहिली शंका उष्णतेची असते आणि ती रास्त आहे. घराच्या आत लावलेला गडद रंग स्वतःहून खोली तापवत नाही. त्यावर थेट ऊन पडले, तरच तो ते शोषून घेतो आणि उष्णता खोलीत सोडतो. सोलापूरच्या घरात उष्णता मुख्यतः स्लॅबमधून आणि पश्चिमेच्या भिंतीतून आत येते. म्हणून गच्चीवर पांढरा परावर्तक लेप द्यावा, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून छज्जा किंवा वाळ्याचा पडदा लावावा आणि मगच आतल्या गडद रंगाचा विचार करावा. जेवणाच्या वेळी ऊन थेट आत येणारी एकच खोली हाताशी असेल, तर निदान ते ऊन ज्या भिंतीवर पडते ती भिंत फिकट ठेवावी.

कामाला हात घालण्यापूर्वी भिंती तपासाव्यात. न्हाणीघराला लागून असलेल्या किंवा पावसाचा मारा सोसणाऱ्या भिंतीत ओल असते आणि त्या ओलीबरोबर वर आलेला लोणा गडद रंगावर पांढऱ्या डागांच्या रूपाने इतका उठून दिसतो, की फिकट भिंतीवर वर्षानुवर्षे न दिसलेला दोष महिन्याभरात उघडा पडतो. आधी गळती थांबवावी, फुगलेला गिलावा काढावा आणि नवा गिलावा केला असेल तर किमान 28 दिवस त्याला पाणी मारून व वाळवून घ्यावे. या टप्प्यावर घाई करू नये, एवढेच सांगतो.

रंगाची निवड करताना निव्वळ काळा रंग मी सुचवत नाही. शेवाळी, मोरपंखी, वांग्याचा जांभळा, काजळी करडा आणि भाजलेल्या विटेसारखा तपकिरी हे रंग दिव्याच्या उजेडात ऊबदार राहतात. काही रंगकार्डांवर परावर्तनमूल्य, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो याचे माप, छापलेले असते. पूर्ण काळ्याचे ते 0 आणि शुभ्र पांढऱ्याचे 100 धरतात. 5 ते 15 यांमधला रंग गडद जेवणघराला पुरेसा असतो. कार्डावरच्या बोटभर चौकोनावरून मात्र निर्णय घेऊ नये. दोन फूट लांबी-रुंदीच्या जाड पुठ्ठ्याला रंगाचे दोन हात द्यावेत आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी व रात्री प्रत्येक भिंतीजवळ धरून पाहावा. रात्रीची पाहणी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण नोकरी-व्यवसाय करणारे कुटुंब एकत्र जेवते ते बहुधा रात्रीच.

आता भिंतीच्या कामाकडे वळू. सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे भिंतीचा खालचा पट्टा वेगळा करणे. आपल्याकडे शाळांत, दवाखान्यांत आणि चाळींच्या जिन्यांत खाली तीन-चार फुटांपर्यंत ऑइल पेंटचा गडद पट्टा असे, तो हात, पाठी आणि पाण्याचे शिंतोडे यांपासून भिंत वाचवण्यासाठी. त्याच विचाराला लाकडी पट्ट्यांच्या चौकटी जोडल्या, की जेवणघराला भारदस्तपणा येतो. छताची उंची दहा फूट असेल, तर हा पट्टा 36 ते 40 इंचांवर संपवावा. भिंत निम्म्यावर कापली गेली की खोली ठेंगणी दिसते. चौकटींची रुंदी भिंत मोजून, दोन्ही टोकांना सारखी जागा सुटेल अशी कागदावर काढून घ्यावी आणि दोन चौकटींमध्ये तीन इंचांचे अंतर ठेवावे. स्विचबोर्ड चौकटीच्या पट्टीवर येत असेल, तर सुताराला बोलावण्याआधी वायरमनकडून तो हलवून घ्यावा. उलट क्रमाने काम केले की पट्टी कापावी लागते आणि ती कापलेली जागा कायम डोळ्यांत खुपते.

सोलापूरची हवा उन्हाळ्यात अतिशय कोरडी असते आणि पावसाळ्यात लाकूड पुन्हा ओलावा घेते, त्यामुळे पट्ट्यांचे सांधे उघडतात. चांगले वाळलेले सागवान परवडत असेल तर उत्तम. नाहीतर ओलाव्याला टिकणाऱ्या एमडीएफच्या (लाकडाच्या तंतूंपासून दाबून केलेल्या फळीच्या) पट्ट्या घ्याव्यात. सांध्यांत लांबी (पुट्टी) भरू नये, ती वर्षभरात तडकते. लवचिक राहणारे अ‍ॅक्रिलिक सीलंट भरून त्यावर रंग द्यावा. पट्टा, पट्ट्या आणि वरची भिंत या सर्वांना एकच रंग द्यावा, फक्त खाली साटीन किंवा अर्धचकचकीत आणि वर मॅट फिनिश ठेवावे. रंग एक आणि चकाकी दोन, अशा भिंतीवर दिव्याचा उजेड पट्टीच्या कडांवर रेंगाळतो आणि वेगळी नक्षी लागत नाही. शिवाय स्वयंपाकघर लागून असेल तर फोडणीचा तेलकट धूर खालच्या पट्ट्यावरून ओल्या फडक्याने पुसता येतो. मॅट रंग पुसला की तिथे चकाकणारा डाग राहतो.

दुसरा मार्ग मला मनापासून आवडतो, परंतु तो संयम मागतो. तो म्हणजे चुन्याचा घोटलेला गिलावा. त्यात चुन्याला सोसणारीच रंगद्रव्ये चालतात: गेरू, पिवडी आणि लोहयुक्त काळी-तपकिरी द्रव्ये. चुन्याच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून अधिक रंगद्रव्य घातले तर पृष्ठभाग हाताला लागू लागतो, म्हणून चुन्यातून अगदी गडद काळा मिळत नाही. मिळतो तो ढगाळ, कमी-अधिक छटांचा करडा किंवा तपकिरी आणि तोच त्याचा गुण आहे. ओला असताना दिसणारा रंग वाळल्यावर बराच फिकट होतो, त्यामुळे नमुना पूर्ण वाळवूनच पाहावा. खालचा जुना प्लास्टिक पेंट आणि पुट्टी खरवडून काढावी लागते, कारण चुना पाणी न शोषणाऱ्या पृष्ठभागावर टिकत नाही. भिंत ओली करून पातळ थर द्यावेत, दोन थरांमध्ये एक दिवस जाऊ द्यावा आणि शेवटचा थर ओलसर असताना पोलादी थापीने घोटावा. शेवटी साबणाचे पाणी देऊन पुन्हा घोटल्यास चुना आणि साबण यांच्या संयोगाने पाण्याला रोखणारा पातळ थर तयार होतो. हे काम एप्रिल-मेमध्ये करू नये. कोरड्या उष्ण हवेत चुना पक्का होण्याआधीच सुकतो आणि त्याची भुकटी होते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ योग्य आहे, तेव्हाही दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा हलका फवारा द्यावा. काम करणाऱ्याने हातमोजे आणि चष्मा वापरावा, कारण चुना कातडी आणि डोळे भाजतो.

तिसरा मार्ग केवळ या शहराचाच म्हणता येईल. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि जॅकार्ड मागावर विणलेली तिची ठळक नक्षी दुरूनही वाचता येते. ती पलंगावर जशी शोभते तशी भिंतीवरही शोभते, मात्र खिळ्याला अडकवून लोंबकळत ठेवली तर ती वाळत घातल्यासारखी दिसते. गडद निळ्या, मरून किंवा काळ्या-राखाडी विणीची चादर आधी एकदा थंड पाण्यात धुऊन सावलीत वाळवावी, म्हणजे ती नंतर आटणार नाही. मग 2 इंच × 1 इंच लाकडी पट्टीची चौकट करावी, तिच्यात इंचभर जाडीचा नमदा किंवा कापसाचा थर बसवावा आणि त्यावर चादर ताणावी. ताणताना प्रत्येक बाजूच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे जात मागून स्टेपल मारावेत. एका कोपऱ्यापासून सुरुवात केल्यास नक्षीच्या रेषा तिरक्या होतात. या चौकटीचा आणखी एक लाभ असा, की फरशी, स्लॅब आणि उघड्या भिंती यांच्यामध्ये स्टीलच्या ताटवाट्यांचा जो खणखणाट घुमतो, तो ती बराचसा शोषून घेते. चौकट स्वयंपाकघराच्या दारापासून दूर आणि उन्हापासून आडोशाला असावी.

काळ्या दगडाचे पातळ तुकडे लावण्याची कल्पना अनेकांना सुचते आणि ती या भूमीला साजेशीही आहे. दख्खनचा हा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडला आहे. परंतु त्याचे वजन मोठे असते, म्हणून तो एका लहान भागापुरता, कोनाड्याभोवती किंवा वॉशबेसिनमागे लावावा. वॉलपेपर ओल असलेल्या भिंतीवर सुटतो, त्यामुळे तो आतल्या कोरड्या भिंतीपुरताच ठेवावा.

रंगकामात एक चूक मी स्वतः केली होती, ती सांगतो. मोरपंखी रंग थेट पांढऱ्या प्रायमरवर देऊ दिला आणि तोही एप्रिलच्या दुपारी, पंखा लावून. रंग रोलरखालीच सुकत होता आणि संध्याकाळी दिवा लावला तेव्हा भिंतीभर रोलरचे पट्टे आणि लांबीच्या लाटा दिसल्या. तिसरा आणि चौथा हात देऊनही ते पट्टे झाकले गेले नाहीत. शेवटी भिंत घासून पुन्हा सुरुवात करावी लागली. तेव्हापासून मी हा क्रम पाळतो: लांबी दोन थरांत द्यावी, 120 आणि मग 220 नंबरच्या कागदाने घासावी, भिंतीलगत तिरका दिवा धरून खड्डे शोधावेत आणि प्रायमर करड्या रंगाचा घ्यावा. रंग सकाळी लवकर, पंखा बंद ठेवून द्यावा. एकाने कुंचल्याने कडा घ्याव्यात आणि दुसऱ्याने लगेच मागून रोलर फिरवावा, म्हणजे कड ओली असतानाच दोन्ही एकजीव होतात. एक भिंत सुरू केली की ती पूर्ण होईपर्यंत थांबू नये.

12 फूट × 10 फूट खोलीची, दहा फूट उंचीपर्यंत, दार-खिडकी वगळून सुमारे 400 चौरस फूट भिंत रंगवायची असते. दोन हातांसाठी एका लिटरमध्ये साधारण 60 ते 70 चौरस फूट धरले तर 6 ते 7 लिटर लागतात; गडद छटेला बहुधा तिसरा हात लागतो, म्हणून 9 ते 10 लिटरची तयारी ठेवावी आणि सगळा रंग एकदमच मिसळून घ्यावा. छत शुभ्र पांढरे ठेवू नये. गडद भिंतीच्या माथ्यावरची पांढरी रेषा नजर वर खेचते आणि खोलीचा सावळेपणा मोडते. भिंतीचाच रंग छताला द्यावा, किंवा तेवढे धाडस होत नसेल तर त्याच रंगाची दोन पायऱ्या फिकट छटा द्यावी.

उरला उजेड. छताच्या मधला दिवा काढून टाकावा, निदान जेवताना तो बंद ठेवता यावा. टेबलाच्या पृष्ठभागापासून 30 ते 34 इंचांवर, खाली तोंड असलेल्या अपारदर्शक छत्रीचा एक दिवा टांगावा. सुमारे 800 ल्युमेन उजेडाचा, 2700 केल्विनचा म्हणजे ऊबदार पिवळसर छटेचा बल्ब पुरेसा होतो. घोटलेल्या चुन्यासारख्या पोताच्या भिंतीवर उजेड घासून जावा, म्हणून तिथला दिवा भिंतीपासून 6 ते 8 इंचांवर बसवावा. सपाट रंगवलेल्या भिंतीवर मात्र तो दोन-अडीच फूट लांब ठेवावा, नाहीतर प्रत्येक लाट उघडी पडते. उजेड कमी-जास्त करणारा डिमर लावायचा असेल तर बल्ब डिमरला चालणारा आहे, हे खोक्यावर पाहून घ्यावे. टेबलावरचा दिवा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावा.

बल्ब घेताना रंगदर्शन निर्देशांक (CRI), म्हणजे त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचे माप, 90 किंवा त्याहून अधिक आहे का, तेही विचारावे आणि एक चाचणी घरीच करावी. ताटात ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि काळ्या मसाल्याची भाजी वाढून ते ताट दिव्याखाली ठेवावे. चटणीची लाली मातकट दिसली, भाकरी पिवळी पडली किंवा भाजीवरचा तेलाचा तवंग दिसेनासा झाला, तर बल्ब परत करून दुसरा आणावा.