कपड्यांचे इंग्लिश शब्द येतात ना, मग स्वीडिश शब्द असे शिका

नोकरीसाठी स्वीडनला चाललाय, किंवा ऑलरेडी स्टॉकहोम, गोथेनबर्ग, माल्मोला येऊन सेटल होताय आणि एसएफआय, म्हणजे बाहेरून आलेल्यांसाठीचा फुकट स्वीडिश क्लास सुरू झालाय, तर कपड्यांचा धडा लगेचच येतो. बहुतेक जण काय करतात, वहीचं पान मधोमध दुमडायचं, डावीकडे इंग्लिश, उजवीकडे स्वीडिश, आणि घोकत बसायचं. कपड्यांच्या बाबतीत हे चालतच नाही, कारण इंग्लिशच्या एका शब्दाला स्वीडिशमध्ये पटापट दोन दोन शब्द निघतात, कोटाला दोन, सुटाला दोन, बुटाला दोन, हातमोज्यांना दोन, आणि कुठला कधी वापरायचा ते यादीत कळत नाही. म्हणून एकटा शब्द पाठ करू नका, त्याचा जोडीदार सोबत घ्या.

आधी उच्चाराचं थोडं, नाहीतर दुकानात समोरच्याला काही कळणार नाही. मी इथे देवनागरीत लिहितोय ते जवळपासचं आहे, कानाने ऐकून पक्कं करा. जे अक्षर दिसलं की य म्हणायचं, त्यामुळे जॅकेट म्हणजे याका, आणि जीन्सला पण इथले लोक सरळ यीन्स म्हणतात. के नंतर ई, आय, वाय किंवा टिंबवाले ए ओ आले की क चा श होतो, जाड बुटांना शेंगोर म्हणतात ते लिहिताना के ने सुरू होतं. के आणि जे जोडून आले तरी श च. स्कर्टला शूल म्हणतात, के जे ओ एल लिहायचं आणि शूल वाचायचं, आपल्याकडे शूल म्हणजे कळ, त्यामुळे मराठी माणूस हा शब्द एकदा ऐकला की विसरत नाही. शर्टचा शब्द मात्र अवघड आहे, ह्वूटा असं काहीतरी ऐकू येतं, सुरुवातीचा आवाज श आणि ह च्या मधला, ओठ गोल करून मेणबत्तीवर फुंकर मारल्यासारखा. उत्तरेकडचे लोक तो बराचसा श सारखाच काढतात, तुम्हीही तसं म्हणालात तरी सगळ्यांना कळतं, टेन्शन घेऊ नका.

आता जोड्या. कोट पुरुषाचा असेल तर रॉक, बाईचा असेल तर काप्पा. हा रॉक ऐकून आपल्याला म्युझिक आठवतं पण इथे रेनकोट म्हणजे रेंग्नरॉक आणि अंघोळीनंतर घालायचा तो बादरॉक, आणि जोडशब्दात आला की पुरुष बाई हा फरक उरत नाही. काप्पा लक्षात ठेवायला सोपी युक्ती, काप्पआल नावाची कपड्यांची मोठी दुकानं सगळीकडे दिसतात, ती पेर-ओलोफ आल या माणसाने 1953 मध्ये बायकांचे कोट विकायला काढलेली, काप्पा अधिक आल, झालं नाव. कमरेपर्यंतचं जॅकेट मात्र सगळ्यांचंच याका, रोज हाच शब्द जास्त लागतो.

सूट पुरुषाचा तर कोस्त्यूम, आणि इथेच इंग्लिश घात करतं, कारण आपल्याला वाटतं कोस्त्यूम म्हणजे गॅदरिंगला घालतात तो ड्रेस. ऑफिसात कोणी कोस्त्यूम घालून ये म्हटलं तर साधा सूट घालून जायचं. बायकांचा सूट म्हणजे द्रेक्त, आणि हाच द्रेक्त पुढे काहीतरी लावून बरंच काही होतो, बादद्रेक्त म्हणजे स्विमसूट, फोल्कद्रेक्त म्हणजे पारंपरिक पोशाख जो मिडसमरला जूनमध्ये बघायला मिळतो. बूट उंच पोटरीपर्यंतचे तर स्टोव्लार, घोट्यापर्यंतचे जाड चालायचे ते शेंगोर, आणि नुसते शूज म्हणजे स्कूर. हातमोजे बाहेरचे पाच बोटांचे, चामड्याचे वगैरे, ते हान्स्कार, लोकरीचे विणलेले ते वान्तार. उत्तरेतल्या लोविका गावातल्या एरिका आयतामा या बाईने 1892 मध्ये विणायला घेतलेले जाड पांढरे लोविकावान्तार आजही मिळतात, थंडीत खरंच कामाचे आहेत. आतले कपडे पुरुषांचे काल्सोंगेर, बायकांचे त्रूसोर, ब्रा म्हणजे बेहो. आणि मोजे साधे स्ट्रुम्पोर, जाड लोकरीचे सॉकोर.

उलटा प्रकार पण आहे. स्वेटर, जर्सी, जंपर, पुलओव्हर, आपल्याकडे इंग्लिशमधून आलेले हे सगळे शब्द वापरतात, इथे बहुतेक वेळा एकच, त्रोया. समोरून बटणं असलेला असेल तरच वेगळा, आणि त्याला म्हणतात कोफ्ता. हो, मलई कोफ्ता मधलाच उच्चार, त्यामुळे कोणी बाईने नवीन कोफ्ता विणला म्हटलं की दचकू नका.

आता आपल्याकडच्या इंग्लिशमुळे होणारे घोळ, हे पुस्तकात सहसा कुणी सांगत नाही. आपण बनियनला वेस्ट म्हणतो, स्वीडिश वेस्त म्हणजे वास्कट, बिनबाह्यांचं जॅकेट. बनियनला लिन्ने म्हणा, आणि गंमत म्हणजे लिनन कापडाला पण लिन्नेच म्हणतात, संदर्भावरून कळतं. आपण गाऊन म्हणतो तो घरात घालायचा, तो इथे नातलिन्ने. आपली स्लिपर म्हणजे रबरी चप्पल, तिला इथे फ्लिपफ्लॉप म्हणा, तोफ्लोर म्हटलंत तर घरात घालायच्या मऊ सपाता मिळतील. स्लिप्स हा शब्द दुकानात दिसला तर तो टाय आहे, आणि बो टायला फ्लूगा म्हणतात ज्याचा दुसरा अर्थ माशी. टोपी विणलेली ती मोसा, काठवाली हात्त, क्रिकेटवाली केप्स, आणि केप्स हे इंग्लिशचं अनेकवचनच उचललेलं आहे, एक टोपी असली तरी केप्सच.

काही शब्द तर आपलेच आहेत. प्युयामास म्हणजे पायजमा, ह्वाल म्हणजे शाल, काकी म्हणजे खाकी. फारसी, हिंदुस्थानीतून इंग्लिश वगैरे करत तिकडे पोचलेत, हे पाठ करायलाच नकोत.

मुलं लहान असतील तर सगळ्यात आधी दागिस म्हणजे बालवाडीचे शब्द शिका, बाकी नंतर. पोरं पाऊस असो बर्फ असो रोज बाहेर खेळतात, इथली म्हणच आहे की वाईट हवामान असं काही नसतं, असतात ते वाईट कपडे, स्वीडिशमध्ये वेडर आणि क्लेडर असं यमक जुळतं. बालवाडीत दारातून आत गेलं की प्रत्येक मुलाच्या नावाचा हुक आणि कप्पा असतो, बाजूला कपाटासारखं मशीन गरम हवा फेकत असतं ते तोर्कस्कोप, ओले कपडे त्यात लटकवायचे. आणि तुमच्या हातात किंवा ॲपवर एक यादी येते, त्यात हे शब्द हमखास असतात. गालोनब्युक्सोर म्हणजे पावसाची रबरी पँट, खांद्यावर पट्टे असतात आणि पायाच्या खाली इलॅस्टिकची पट्टी असते, ती गमबुटाच्या तळव्याखालून घ्यायची, पँट बुटाच्या बाहेरून आली पाहिजे, आत खोचली तर बुटात पाणी जातं. टेकब्युक्सोर म्हणजे कापूस भरल्यासारखी जाड बर्फाची पँट. ओवेराल म्हणजे एकसंध स्नोसूट, मेकॅनिकचा नाही. उंडेरस्टेल म्हणजे अंगाला चिकटून घालायचं थर्मल, हे उल म्हणजे लोकरीचं घ्या, बोमुल म्हणजे कॉटनचं अजिबात नको, घामाने ओलं झालं की गार पडतं. ओम्ब्यूतेस्क्लेडर म्हणजे बदलायचे जादा कपडे. सगळ्यावर नाव घाला, एकसारख्या निळ्या पँटी ढिगाने असतात.

मुलांचे साइज सोपे आहेत, आकडा म्हणजे उंची सेंटीमीटरमध्ये, 92, 98, 104, 110 असं सहा सहाने वाढत जातं. पोर 100 असेल तर 104 घ्या.

क्रियापदात मात्र मराठीवाल्यांना इंग्लिशवाल्यांपेक्षा सोपं जातं, हे मी मनापासून सांगतो कारण क्लासमध्ये लोक विनाकारण इंग्लिशमधून विचार करतात. इंग्लिशमध्ये तुझी टोपी घाल असं तुझी लावून म्हणावं लागतं, स्वीडिशमध्ये आपल्यासारखंच, तुझी माझी नाही, ता पो देय मोसान, टोपी घाल, बस. घालणं म्हणजे ता पो सेय, काढणं म्हणजे ता आव सेय, अंगात असणं म्हणजे हा पो सेय. शेवटचं सेय माणसाप्रमाणे बदलतं, मी असेल तर मेय, तू असेल तर देय. जोर पो वर द्यायचा, क्रियापदावर नाही. आपण कपडे घालतो, चष्मा लावतो, घड्याळ बांधतो, पण हा पो सेय सगळ्याला चालतं.

लिंग पण बघा. स्वीडिशमध्ये एन आणि एत्त असे दोन गट, आणि कपड्यांचे बहुतेक शब्द एन मध्ये आहेत, म्हणून शंका आली तर एन म्हणून मोकळं व्हा. एत्त वाले मोजके लक्षात ठेवा, कमरेच्या पट्ट्याचे दोन्ही शब्द ह्वॅर्प आणि बेल्ते, आणि लिन्ने. एन गटातले आ ने संपणारे शब्द अनेकवचनात ओर घेतात, याका याकोर, त्रोया त्रोयोर, मोसा मोसोर, हा नियम एकदा डोक्यात बसला की निम्मं कपाट आलं. पँट नेहमी अनेकवचनी, ब्युक्सोर, त्यामुळे रंगही अनेकवचनी, काळी पँट म्हणजे स्वार्ता ब्युक्सोर, पण काळं जॅकेट एन स्वार्त याका.

दुकानात गेलात की पाट्या वाचा, दाम म्हणजे बायकांचं, हेर म्हणजे पुरुषांचं, बाण असं ऐकू येतं ते मुलांचं. एच अँड एम मधला पहिला एच म्हणजे हेनेस, तिचं, कारण 1947 मध्ये वेस्टेरोसला दुकान निघालं तेव्हा फक्त बायकांचे कपडे होते, मॉरिट्झ नंतर 1968 मध्ये शिकारीच्या सामानाचं दुकान विकत घेतलं तेव्हा जोडलं गेलं. घालून बघायची खोली म्हणजे प्रूवरुम. घालून बघू का विचारायला कान या फो प्रूवा देन हॅर, साइज म्हणजे स्टूरलेक, फार मोठं झालं तर फॉर स्टूर, लहान झालं तर फॉर लीतेन, आणि बरोब्बर बसलं तर लागॉम. चौकटीचं रूतिग, पट्ट्यापट्ट्यांचं रान्दिग, ठिपक्यांचं प्रिकिग, फुलाफुलांचं ब्लूमिग, हे चार एकत्र पाठ होतात. चेन म्हणजे ब्लिक्स्टलोस, वीज आणि कुलूप, किंवा द्रागशेद्या, ओढायची साखळी, आणि आजची झिप ज्याने बनवली तो गिडियन सुंडबेक मूळचा स्वीडनचाच इंजिनिअर, 1917 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालेलं.

सेलला रेआ म्हणतात. पावतीला क्वित्तो म्हणतात आणि ती जपा, कारण दुकानातून घेतलेलं आवडलं नाही म्हणून परत करायचा हक्क कायद्याने मिळत नाही, दुकानाने ओपेत श्योप असं लिहिलं असेल तरच, तेवढ्या दिवसांत. ऑनलाइन घेतलं तर 14 दिवस असतात.

आमंत्रण आलं तर खाली कपड्यांबद्दल एक शब्द असतो, तो गांभीर्याने घ्या. कावाय लिहिलं तर पुरुषांनी सूट आणि टाय. स्मोकिंग लिहिलं तर सिगरेटचा संबंध नाही, टक्सिडो. फ्राक म्हणजे सगळ्यात वरचा, मागे शेपटासारखा लांब काळा कोट आणि पांढरा बो, 10 डिसेंबरला नोबेलच्या कार्यक्रमात पुरुष घालतात तो. तिथे फ्राक ऐवजी आपापल्या देशाचा पोशाख पण चालतो, 2019 ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी, मुंबईत जन्मलेले आणि आई मराठी, धोतर नेसून गेले होते आणि त्यांच्यासोबत नोबेल मिळालेली त्यांची बायको एस्थर डफ्लो साडी नेसून. त्यामुळे ऑफिसच्या मोठ्या पार्टीला साडी किंवा बंदगळा घालून बिनधास्त जा.

बिल्डिंगच्या त्वेतस्टूगात, म्हणजे सगळ्यांच्या कॉमन लाँड्रीत, नंबर लावून कपडे धुवायला गेलात की कॉलरच्या आतलं लेबल वाचायची सवय लावा, हान्दत्वेत असेल तर हाताने धुवा, शेमत्वेत असेल तर ड्रायक्लीन, आणि उल दिसलं तर गरम पाणी आणि ड्रायर दोन्ही नको, नाहीतर मोठ्यांची त्रोया मुलांच्या 104 साइजची होते.