गोव्याचं तिकीट काढताय? दाबोळी की मोपा, आधी बघा

गोव्याला विमानतळ दोन आहेत. एकाच कंपनीची विमानं दोन्हीकडे उतरतात, आणि आपण नुसतं 'गोवा' टाकून सगळ्यात स्वस्त तिकीट पकडतो. मग उतरल्यावर टॅक्सीवाल्याचा आकडा ऐकून घाम फुटतो.

तिकिटावरचा तीन अक्षरी कोड वाचा. 'जीओआय' म्हणजे दाबोळी, वास्कोजवळचं जुनं. 'जीओएक्स' म्हणजे मोपा, पेडणे तालुक्यातलं, जानेवारी २०२३ पासून सुरू झालेलं.

आता मुक्काम कुठे ते बघा. मडगाव, कोलवा, पाळोळे असेल तर दाबोळी. हरमल, मोरजी, म्हापसा असेल तर मोपा. सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ल्याच्या मंडळींनी तर डोळे झाकून मोपाच घ्यावं, सीमा ओलांडली की घर. पणजीवाल्यांना दोन्ही चालतात, तिथे भाडं आणि वेळ बघून ठरवा.

तिकिटांची तुलना करताना टॅक्सीचं भाडं दोन्हीकडे मिळवूनच करा. पाळोळेला जायचं आणि मोपाला उतरायचं, तर जवळजवळ अख्खा गोवा उभा ओलांडावा लागतो. तिकिटात वाचवलेले हजार रुपये तिथेच जातात. सामान कमी असेल तर मोपाहून कदंबच्या बसही आहेत, वेळ मात्र आधी बघून ठेवा.

एक जपा: परतीचं तिकीट दुसऱ्याच विमानतळावरून असू शकतं. जाताना मोपा, येताना दाबोळी. निघायच्या आदल्या रात्री कोड पुन्हा वाचा, आणि टॅक्सीवाल्याला 'एअरपोर्ट' न म्हणता विमानतळाचं नाव सांगा.