गावाला ‘कालवांची राजधानी’ म्हणवून घ्यायचं असेल तर

टेक्सासमधल्या आमच्या किनाऱ्यावरच्या गावाला कालवांसाठी सरकारी बिरुद मिळावं म्हणून आम्ही काही जण खटपट करतोय. माझं माहेर देवगडचं. ओहोटीला आईबरोबर खडकावर कालवं फोडत मोठी झाले, त्यामुळे माझा यात जीव अडकलाय. तुमच्याही गावासाठी असं करायचं असेल तर ऐका.

आधी जिन्नस एकच धरा. ‘समुद्रातलं सगळं’ असं मोघम मागू नका. आमच्याकडे कुणी कोळंबी सुचवली होती, पण टेक्सासची कोळंबी-राजधानी म्हणून पलाशस गावाचं नाव कधीच झालंय. राज्य ग्रंथालयाने अशा बिरुदांची यादी ठेवली आहे, ती पहिल्यांदा वाचा.

मग वेळ सांभाळा. इथलं विधिमंडळ विषम वर्षांतच जानेवारीत भरतं आणि नियमित अधिवेशन फार तर 140 दिवसांचं. ते हुकलं की दोन वर्षं थांबा. म्हणून आदल्या उन्हाळ्यातच आपल्या आमदाराच्या कचेरीत जा. ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन त्यावर गव्हर्नरची सही लागते. नगर परिषदेचं पाठिंब्याचं पत्र सोबत नेलंत तर बोलणं सोपं जातं.

खरं काम पुराव्याचं. तो लोकांच्या घरात असतो. धक्क्याजवळ राहणाऱ्या एका व्हिएतनामी आजींनी मला बुटांच्या खोक्यातून वही काढून दाखवली. रोज किती पोती उतरली, पेन्सिलीने लिहिलेलं, पानांना अजून खारट वास. 2008 च्या सप्टेंबरात आइक वादळ आलं, गॅल्व्हस्टन उपसागरातली कालवं गाळाखाली गाडली गेली. त्या नोव्हेंबरात हंगाम उघडला तेव्हाचे आकडे एकदम कोसळलेले दिसतात. मी बोट ठेवलं तशी आजी म्हणाल्या, “त्या वर्षी होडी विकायला काढली होती.” मी लगेच तारखेसकट लिहून घेतलं. असं ऐकायला घाईने जाऊ नका. चहा घ्या, पान न् पान त्यांच्यासमोरच टिपा आणि वही त्यांच्याकडेच राहू द्या.

या बिरुदाबरोबर पैसा येत नाही, हे गावाला आधीच सांगा. शिवाय त्याची मुदत 10 वर्षांची, पुढे पुन्हा ठराव लागतो. म्हणून फाइलच्या दोन प्रती करा. आमची एक प्रत गावच्या वाचनालयात आहे, आजींच्या वहीचे फोटो पहिल्याच पानाला लावलेत.